मानमोडीतून वाचलेल्या तीन कोंबड्या

गावठी कोंबडीचा व्यवसाय करणाऱ्या बांधवांसाठी एक धडा

भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाला लागून शेंडी हे गाव आहे. अकोले तालुक्याचा हा भाग डोंगराचा, धुवांधार पावसाचा आणि वाड्या-पाड्यांचा. येथील घराघरांत दहा-पंधरा कोंबड्या असतात. दिवसा त्या अंगणात आणि बांधावर चरतात आणि रात्री डालग्याखाली झाकल्या जातात. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी आणि पुढे धबधब्यांसाठी पर्यटक येऊ लागले, तळ्याकाठी तंबू लागले, तशी गावठी कोंबडीला मागणी वाढली. मोटारसायकलला जाळी बांधून पाड्यापाड्यांवरून माल गोळा करायचा आणि राजूर, अकोले, घोटीकडे पोचवायचा, हा आता अनेकांच्या रोजीरोटीचा व्यवसाय झाला आहे.

अशाच एका व्यापारी मित्राबरोबर आम्ही एका पाड्यावर गेलो होतो. एका घरी दहा कोंबड्या होत्या, त्यांतील सात आठवडाभरात मेल्या होत्या. आधी हिरवी पातळ हगवण लागली, मग माना वाकड्या झाल्या. लक्षणे मानमोडीची, म्हणजे रानीखेत रोगाची होती. घरची म्हातारी आमच्या मित्राला म्हणाली, "भाई, ह्या तीनबी घेऊन जा. उद्या ह्या मेल्या म्हंजी तेबी पैसं गेलं. काय द्यायचं ते दे." तीन कोंबड्या निम्म्याहून कमी भावात मिळत होत्या. मित्राने आमच्याकडे पाहिले.

घ्याव्यात की घेऊ नयेत? त्याहून मोठा प्रश्न असा की, एकाच डालग्याखाली झोपणाऱ्या, एकच दाणा-पाणी खाणाऱ्या दहा कोंबड्यांपैकी सात मेल्या, तर तीन का वाचल्या? आपल्या व्यवसायात हा प्रश्न रोजचा आहे, पण त्याचे उत्तर "नशीब" या एका शब्दात देऊन आपण पुढे जातो. विज्ञानाने गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाचा बराच छडा लावला आहे. तो समजून घेतला तर काय घ्यावे, काय घेऊ नये आणि काय राखून ठेवावे हे व्यापाऱ्यालाही ठरवता येते. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

पहारेकऱ्यांच्या दोन तुकड्या

प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या शरीराचा आराखडा लिहिलेला असतो. या आराखड्यातील एकेका सूचनेला जनुक म्हणतात. निम्मी जनुके आईकडून येतात आणि निम्मी बापाकडून. कोंबडीचा संपूर्ण आराखडा शास्त्रज्ञांनी २००४ साली वाचून प्रसिद्ध केला. त्यासाठी लाल रानकोंबडीची एक मादी निवडली होती. हा आराखडा सुमारे शंभर कोटी अक्षरांचा निघाला, म्हणजे माणसाच्या आराखड्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यातील शेकडो जनुके केवळ रोगाशी लढण्याच्या कामाची आहेत.

हे काम दोन तुकड्यांत वाटलेले आहे. पहिली तुकडी जन्मजात पहारेकऱ्यांची. या पहारेकऱ्याला एखाद्या जंतूचे नाव-गाव माहीत नसते. जंतूंच्या अंगावर काही ठरावीक खुणा असतात, त्या दिसल्या की तो आरडाओरडा करतो. खुणा ओळखणाऱ्या अशा यंत्रणांपैकी एका घराण्याला टीएलआर म्हणतात. कोंबडीत या घराण्याचे दहा सभासद आहेत. त्यांतील एक, टीएलआर-१५, पक्ष्यांत आणि काही सरपटणाऱ्या प्राण्यांत सापडतो, माणसात किंवा बकरीत नाही. उलट माणसात असणारा टीएलआर-९ कोंबडीत नाही, त्याचे काम तिच्याकडे टीएलआर-२१ करतो. पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे पूर्वज सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हापासून दोन्ही घराण्यांनी आपापल्या शत्रूंप्रमाणे आपापले पहारेकरी ठेवले आणि काढून टाकले.

दुसरी तुकडी शिकणाऱ्या सैनिकांची. हे सैनिक एकेका जंतूला नेमके ओळखतात आणि त्याची आठवण ठेवतात. लसीचा उपयोग होतो तो यांच्यामुळेच. पण या सैनिकांना शत्रू दाखवावा लागतो, आणि तो दाखवण्याच्या कामातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

तबकावरचा नमुना

धान्याच्या बाजारात पोते उघडत नाहीत. पोत्यात टोच्या खुपसून मूठभर नमुना बाहेर काढतात आणि तळहातावर पसरून पाहतात. शरीरातील प्रत्येक पेशीही असेच करते. आत जे काही तयार होत असेल त्याचे बारीक तुकडे ती एका तबकावर ठेवून बाहेर धरते. फिरते सैनिक येतात आणि तबक पाहतात. नमुना घरचा असेल तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला तर ती पेशीच मारून टाकतात, म्हणजे विषाणूची पैदास तिथेच थांबते.

हे तबक बनवणारी जनुके एका ठिकाणी एकत्र असतात. कोंबडीतील या गटाला 'बी संकुल' म्हणतात. त्याचा शोध रक्तगटांच्या अभ्यासातून लागला. १९५० साली ब्राइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांचे रक्तगट शोधले, त्यांतील एकाला 'बी' असे नाव मिळाले. १९६१ साली दिसून आले की एका कोंबडीची कातडी दुसरीवर लावली, तर ती टिकते की गळून पडते हे याच 'बी'वर बरेचसे अवलंबून आहे. म्हणजे 'बी' हा नुसता रक्तगट नव्हता. आपला कोण आणि परका कोण हे ठरवणारी ती जागा होती.

तबकाला मधोमध एक खाच असते आणि तुकडा त्या खाचेत बसावा लागतो. खाचेचा आकार जनुकाप्रमाणे बदलतो. एखाद्या विषाणूचा कोणताच तुकडा खाचेत बसला नाही, तर तबकावर काही दिसतच नाही. सैनिक दारावरून जातात, घरात चोर आहे आणि बाहेर सगळे शांत आहे, अशी स्थिती होते.

माणसाची सहा तबके, कोंबडीची दोन

आता मुद्द्याची गोष्ट. माणसात या प्रकारच्या तबकांची तीन मुख्य जनुके असतात. आईची तीन आणि बापाची तीन मिळून सहा प्रकारची तबके होऊ शकतात. एकावर नमुना बसला नाही तर दुसऱ्यावर बसेल. माणसातील हा सारा जनुक-गट सुमारे चाळीस लाख अक्षरांचा असून त्यात दोनशेहून अधिक जनुके आहेत.

जिम कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली कोंबडीच्या 'बी' संकुलाचा गाभा वाचून प्रसिद्ध केला. तो अवघ्या ९२ हजार अक्षरांचा निघाला आणि त्यात फक्त १९ जनुके होती. एखाद्या भरगच्च दुकानाशेजारी टपरी असावी तसे. कोंबडीत या तबकांची जनुके दोन आहेत, पण त्यांतील एकच जोरात चालते. आईचे एक आणि बापाचे एक, म्हणजे कोंबडीकडे कामाची तबके जास्तीत जास्त दोन. आई-बाप दोघांकडून एकच प्रकार आला तर एकच.

याचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचा तर, माणसाने आपली पुंजी सहा पेढ्यांत ठेवली आहे आणि कोंबडीने एक-दोन पेढ्यांत. पेढी चांगली निघाली तर कोंबडी तरते, बुडाली तर तिच्याबरोबर कोंबडीही बुडते. म्हणूनच एका रोगात एक कोंबडी पटकन मरते आणि तिच्या शेजारची ठणठणीत राहते, असा ठळक फरक कोंबड्यांत दिसतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मरेक्स रोगात मिळाला. योझेफ मरेक या हंगेरीच्या पशुवैद्याने १९०७ साली या रोगाचे वर्णन केले. त्यात कोंबडीचे पाय लुळे पडतात, एक पाय पुढे आणि एक मागे अशी ती बसते, आणि अंगात गाठी होतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रॅन्डल कोल यांनी एकाच मिश्र कळपातून दोन घराणी वाढवली. एकात रोगाला तोंड देणाऱ्यांची पैदास ठेवली, दुसऱ्यात बळी पडणाऱ्यांची. त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार थोड्याच पिढ्यांत दोन घराण्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. १९७७ साली त्याचे मूळ सापडले. टिकणाऱ्या घराण्यात 'बी-२१' हा प्रकार भरला होता, मरणाऱ्या घराण्यात 'बी-१९'. पुढे 'बी-२१'च्या तबकाची बारकाईने पाहणी झाली, तेव्हा कळले की त्याची खाच ऐसपैस आहे आणि तिच्यात निरनिराळ्या आकारांचे तुकडे बसतात.

मग सगळ्याच कोंबड्या 'बी-२१'च्या का करू नयेत, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर असे की, सर्व रोगांवर सरस ठरेल असा एकही प्रकार नाही. एका रोगात जो चांगला तो दुसऱ्यात दुबळा निघतो. शिवाय विषाणू स्वस्थ बसत नाही. कळपात जे तबक सर्वांत जास्त असेल, त्याला चुकवून जाणारा विषाणू वाढतो आणि फैलावतो. अशा वेळी ज्यांच्याकडे विरळ तबक आहे त्या वाचतात. त्यांची पिल्ले वाढतात, तो प्रकार वाढतो आणि पुन्हा विषाणूची पाळी येते. हजारो वर्षे चाललेल्या या देवघेवीमुळेच 'बी' संकुलाचे इतके निरनिराळे प्रकार टिकून राहिले आहेत.

म्हणून एकट्या कोंबडीचे भांडवल तिच्या अंगात असते, पण कळपाचे भांडवल कळपाच्या विविधतेत असते. या धड्यातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे.

शेपटीखालची पिशवी

दुसऱ्या तुकडीत आणखी एक खाते आहे, प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्यांचे. प्रतिद्रव्य म्हणजे रक्तात फिरणारा, जंतूला चिकटून त्याला निकामी करणारा पदार्थ. हा कारखाना कोंबडीत कुठे आहे हे आपले चिकनवाले बांधव उद्या दुकानातच पाहू शकतात. सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरचा मागचा भाग साफ करताना विष्ठेच्या मार्गाच्या वर, पाठीच्या बाजूला, लहान बोराएवढी एक फिकट गोळी हाताला लागते. रोज आपण ती कचऱ्यात टाकतो. तिला फॅब्रिशियसची पिशवी, अर्थात बर्सा म्हणतात. इटलीतील पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचे वर्णन केले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापले गेले. पण ती कशासाठी आहे हे तीनशेहून अधिक वर्षे कोणालाच माहीत नव्हते.

उत्तर मिळाले ते योगायोगाने. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे पिल्लांची ही पिशवी काढून पाहत होते, पण काही फरक दिसत नव्हता. त्यांचे सहकारी टिमोथी चँग यांना वर्गातील प्रात्यक्षिकासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्यांनी ग्लिक यांच्याजवळच्या कोंबड्या नेल्या आणि त्यांना जंतू टोचले. पण पिशवी काढलेल्या कोंबड्यांत प्रतिद्रव्ये तयारच होईनात. १९५६ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. आज माणसाच्या रक्ततपासणीतही ज्यांचे नाव घेतले जाते त्या 'बी पेशीं'चे नाव याच बर्सावरून पडले आहे. (मघाचा 'बी' रक्तगटाचा आणि हा 'बी' बर्साचा, वाचकांनी गल्लत करू नये.)

या पिशवीत चालणारे काम आपल्या शिंपी बांधवांना लगेच समजेल. माणसाचे शरीर निरनिराळी प्रतिद्रव्ये बनवण्यासाठी अनेक चालू जनुकांतून निवड करते, म्हणजे त्याच्याकडे अनेक थान आहेत. कोंबडीकडे मात्र प्रतिद्रव्याच्या या भागासाठी चालू जनुक फक्त एकच. त्याच्या शेजारी निकामी, अर्धवट जनुकांचा ढीग पडलेला असतो. प्रतिद्रव्याच्या हलक्या साखळीसाठी असे सुमारे २५ आणि जड साखळीसाठी सुमारे ८०. बर्सात वाढणारी प्रत्येक पेशी या ढिगातून तुकडे उचलते आणि आपल्या एकुलत्या जनुकावर ठिगळासारखे लावते. एकच कापड, ठिगळे वेगवेगळी, म्हणून प्रत्येक गोधडी वेगळी. अशा लाखो गोधड्या तयार होतात आणि त्यांतली एखादी नव्या जंतूला बरोबर बसते.

हा कारखाना पिल्लाच्या लहानपणीच चालतो आणि कोंबडी वयात आली की पिशवी आटत जाते. गंबोरो रोगाचा विषाणू नेमका याच पिशवीवर घाला घालतो. अमेरिकेतील गंबोरो गावाजवळ १९६२ साली तो प्रथम नोंदला गेला, म्हणून हे नाव. पिशवी आधी सुजते, मग आक्रसते. पिल्लू गंबोरोतून वाचले तरी त्याचा कारखाना जळालेला असतो. पुढे मानमोडीची लस दिली तरी ती नीट लागू पडत नाही आणि मालक म्हणतो, "लसच खोटी होती." पुष्कळदा लस खरी असते, पण ती घेणारे पिल्लूच रिकामे झालेले असते.

दुसरी गोष्ट वेळेची. कोंबडी आपली प्रतिद्रव्ये अंड्याच्या बलकातून पिल्लाला देते. आईची ही शिदोरी साधारण दोन-तीन आठवडे पुरते. ती असेपर्यंत पिल्लू सांभाळले जाते, पण काही लसीही तिच्यामुळे बोथट होतात. म्हणूनच लसीचे वेळापत्रक दिवस मोजून केलेले असते. ते मनाने पुढे-मागे करू नये.

बदकाकडे आहे, कोंबडीकडे नाही

महाराष्ट्रातील कोंबडी व्यवसाय २००६ चा फेब्रुवारी विसरणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे त्या महिन्यात बर्ड फ्लू आढळला. भारतातील तो पहिलाच उद्रेक. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि राज्यभर बाजार बसला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि पुन्हा तीच धावपळ झाली.

बर्ड फ्लूचा विषाणू कोंबडीला दोन-चार दिवसांत मारतो, पण अनेक बदके तोच विषाणू अंगात घेऊन मजेत पोहत असतात. असे का? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली याचे एक कारण दाखवून दिले. पेशीत फ्लूचा विषाणू शिरताच त्याची चाहूल घेणारे 'रिग-आय' नावाचे जनुक बदकात आहे, कोंबडीत नाही. पहिल्या तुकडीतील हा पहारेकरी कोंबडीच्या घराण्यातून उत्क्रांतीच्या ओघात केव्हातरी नाहीसा झाला. बदकाचे हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातले, तेव्हा विषाणूची वाढ कमी झाली. फरक एवढ्या एकाच गोष्टीचा नाही, पण ही गोष्ट मोठी आहे. यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा सरळ आहे. बदक निरोगी दिसते म्हणून ते निर्धोक नसते. कोंबड्या आणि बदके एका जाळीत भरू नयेत.

आता असे जनुकच बदलून टाकता येईल का? ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०२३ साली तसा प्रयोग प्रसिद्ध केला. विषाणू कोंबडीच्या पेशीतील ज्या एका प्रथिनाचा आधार घेतो, त्याचे जनुक त्यांनी किंचित बदलले. नेहमीच्या मात्रेचा संसर्ग दिला तेव्हा दहापैकी नऊ कोंबड्या वाचल्या. पण मात्रा भरमसाट वाढवली तेव्हा निम्म्या कोंबड्यांना लागण झाली आणि विषाणूनेही स्वतःला बदलून दुसरा रस्ता शोधला. एकच कुलूप कितीही भारी असले तरी चोर त्याची किल्ली करतो, हेच यातूनही दिसते.

रानातले पूर्वज आणि दारातली कोंबडी

कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे आजच्या कोंबडीचे सर्वांत जवळचे नातेवाईक नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारकडचे आहेत. पण एक धागा आपल्याकडचाही आहे. सह्याद्रीत पहाटे ओरडतो तो राखी रानकोंबडा. कळसूबाई-हरिश्चंद्रगडच्या जंगलपट्ट्यातील लोकांना तो परका नाही. पिवळे पाय आणि पिवळी कातडी ही खूण लाल रानकोंबड्याची नव्हे, तर या राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबडीत आली, हे २००८ साली सिद्ध झाले. दक्षिण आशियात केव्हातरी दोघांचा संकर झाला आणि ते जनुक जगभर गेले. आज गिऱ्हाईक पिवळे पाय पाहून कोंबडी पसंत करते, त्या पसंतीमागे हा इतिहास आहे. (रानकोंबडा पकडणे किंवा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.)

गावठी कोंबडी ही अशी अनेक धाग्यांची मिळून बनलेली आहे. तिची निवड कोणा कंपनीने केलेली नाही. पाऊस, घार, मुंगूस आणि मानमोडी यांनी पिढ्यानपिढ्या तिला चाळले. ब्रॉयलरची निवड मात्र वजनासाठी आणि कमी खाद्यासाठी झाली. हजारो पक्षी एकसारखे असावेत यातच त्या धंद्याचा फायदा आहे, आणि लस, बंद शेड व औषधे यांच्या आधाराने तो चालतो. दोन्ही व्यवसायांना आपापली जागा आहे. पण उघड्यावरची कोंबडी पाळणाऱ्याजवळ ना शेड आहे, ना पशुवैद्य दारात आहे. त्याच्याजवळ कळपातील विविधता हीच शिल्लक आहे.

ही गोष्ट अकोले तालुक्याला नवी नाही. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरचे देशी बियाणे गोळा करून जपले आणि २०२० सालच्या पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. बियाण्याबद्दल जे त्यांनी ओळखले तेच कोंबडीबद्दलही खरे आहे. मडक्यातले निरनिराळे बी संपले की ते बाजारातून आणता येत नाही.

आणि आपला व्यापार नेमके काय करतो? सर्वांत आधी धष्टपुष्ट तलंग उचलतो. रुबाबदार कोंबडा उचलतो, कारण त्याला भाव जास्त. मागे राहतात त्या उरल्यासुरल्या. एकाच घरी तोच कोंबडा वर्षानुवर्षे राहिला, तर आपल्याच पोरींशी त्याची पैदास होते आणि दोन तबकांची कोंबडी एका तबकाची होते. रोग आला की मग दहाच्या दहा जातात. माल देणारा पाडा रिकामा झाला, तर व्यापाऱ्याची जाळीही रिकामीच राहणार.

व्यापारी बांधवांनी काय करावे

१. गावठी कोंबडीला रोग होत नाही हा समज सोडावा. जनुके मदत करतात, हमी देत नाहीत. मानमोडीवर लस हाच उपाय आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, पुढे डोस, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीची टोचणी असा साधारण क्रम असतो. तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्क्या करून घ्याव्यात.

२. लसीची बाटली शंभर किंवा अधिक मात्रांची येते आणि घरी कोंबड्या दहा असतात, म्हणून कोणी लस घेत नाही. पाड्यावरील दहा-बारा घरे एकत्र आली तर एक बाटली पुरते. व्यापाऱ्याचे प्रत्येक घराशी नाते असते. हे जमवून आणण्याचे काम त्याच्याइतके सोपेपणाने दुसऱ्या कोणाला जमणार नाही. लस बर्फात न्यावी, उन्हात ठेवू नये आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी.

३. मरतूक चालू असलेल्या घरातून एकही कोंबडी उचलू नये, मग ती फुकट मिळो. वाचलेली कोंबडीही काही आठवडे विषाणू बाहेर टाकत असते. आज इथे भरलेली जाळी संध्याकाळपर्यंत पाच पाडे फिरते, आणि रोग पसरवणारे आपणच ठरतो.

४. जाळी दररोज आधी साबणाने घासून धुवावी, मग जंतुनाशक मारावे आणि कडक उन्हात वाळवावी. घाणीवर मारलेले जंतुनाशक वाया जाते. ब्रॉयलरची जाळी गावठीला वापरू नये.

५. मेलेली कोंबडी मुरदार आहे. ती आपण विकत नाहीच, पण ओढ्यातही टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एकाएकी बरीच मरतूक दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००९ च्या कायद्याप्रमाणे संसर्गजन्य रोगाची खबर देणे बंधनकारक आहे.

६. पैदाशीचा कोंबडा वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या पाड्यावरच्या कोंबड्याशी बदलावा. आणलेला पक्षी निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा, मगच कळपात सोडावा.

७. साथीतून वाचलेल्या कोंबड्या खुडुक बसवण्यासाठी राखाव्यात. प्रत्येक वाचलेली कोंबडी जनुकांमुळेच वाचली असे नाही. एखादीला लागणच उशिरा झाली असेल, एखादी आधीच्या लसीमुळे तरली असेल. पण त्यांच्यात चांगली जनुके असण्याची शक्यता अधिक, आणि राखण्याचा खर्च मूठभर दाण्याचा.

८. गिऱ्हाइकाने विचारले तर खरे सांगावे. बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंशांच्या वर पूर्ण शिजवलेल्या मांसात टिकत नाही. जपायचे ते कच्चे मांस, पिसे आणि विष्ठा हाताळणाऱ्याने, म्हणजे आपण स्वतः. हात साबणाने धुवावेत, नाकाला रुमाल बांधावा.

आता पुन्हा त्या पाड्याकडे. आमच्या मित्राने जाळी उघडली नाही. म्हातारीला तो म्हणाला, "मावशी, या तीन विकू नको. यांची अंडी बसव. पिल्लांना लस मी आणवतो." म्हातारीला ते पटले की नाही कळले नाही. तिला त्या दिवशी पैशाची गरज होती आणि ती गरज खोटी नव्हती. तेव्हा मित्राने पुढच्या मालापोटी थोडी उचल तिच्या हातावर ठेवली आणि तिथून थेट घरी येऊन जाळी धुतली. त्या दिवशी बाकीचे पाडे त्याने केले नाहीत, म्हणजे दिवसाचा धंदा बुडाला.

त्याचा हा तोटा वहीत मांडता येतो. पाच पाड्यांवरच्या ज्या कोंबड्या त्यामुळे वाचल्या असतील, त्या वहीत दिसत नाहीत. व्यापारी बांधवांनी दोन्ही बाजू मांडून हिशेब करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.